समोरच्याचं म्हणणं

वर्षा सावे हिला वाद घालता येत नाही, ही गोष्ट डहाणूच्या मासळी बाजारात सगळ्यांना ठाऊक होती. ती टोपलीसमोर वाकली की कोळणी एकमेकींना डोळ्यांनी खुणावत. "ये गो बाय, तुला म्हणून सांगते," असं म्हणून भाव सांगितला की वर्षा "जरा कमी नाही का होणार?" एवढंच म्हणे, तेही अशा आवाजात की जणू चोरी तिचीच पकडली गेली आहे. आणि उत्तराची वाट न बघता पिशवी पुढे करी.

घरी सासूबाई पापलेटाचे कल्ले उघडून बघत.

"हे ताजं म्हणून दिलं तुला?"

"हो म्हणाली."

"ती हो म्हणणारच. तू काय म्हणालीस?" सासूबाई मासा उलटा करीत. "शाळेत पोरांना काय शिकवतेस गं सध्या?"

"निबंध. आपलं म्हणणं दुसऱ्याला पटवून कसं द्यायचं, त्याचा."

सासूबाई इतक्या हसल्या की मासा हातातून निसटून परातीत पडला. ओट्यावर पेपर वाचत बसलेला नविन, म्हणजे वर्षाचा नवरा, तोही हसला. वर्षासुद्धा हसली. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिला निबंध शिकवता येई; वाद घालता येत नसे.

ती मूळची चिंचणीची. वडील तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर जात. घर शिस्तीचं, संध्याकाळी दिवा लागला की रामरक्षा झाल्याशिवाय पान मांडलं जात नसे. बी.ए.ला मराठीत चांगले गुण पडले तेव्हा वर्षाच्या मनाने घेतलं की मुंबईला वसतिगृहात राहून एम.ए. करायचं. आठवडाभर तिने मनात बोलणं जुळवलं. मग एका रविवारी वडील अंगणात सायकलची साखळी पुसत बसले होते, तिथे जाऊन तिने सगळं सांगितलं. गुण, शिक्षकांचं मत, पुढे मिळणारी नोकरी, मैत्रिणीची ओळख. एकही मुद्दा सुटला नाही. वडिलांनी हातातलं फडकं न थांबवता ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "सगळं तुझंच सांगितलंस पोरी. माझ्या मनात काय आहे, ते एकदा तरी बोललीस?"

बस. कुणी आवाज चढवला नाही, कुणी रडलं नाही. वर्षभरात तिचं लग्न होऊन ती डहाणूला आली.

बी.एड. तिने पुढे सासरी राहून केलं आणि तलासरीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका शाळेत घड्याळी तासिकेवर मराठी शिकवायला लागली. दर जूनला नेमणूक नव्याने व्हायची, तोवर जीव टांगणीला. सकाळी तुळशीला पाणी घालून निघायचं, एस.टी.ने तलासरी नाका, तिथून जीपमध्ये कोंबून शाळा. वाटेत गुजरातकडे कंपनीत जाणाऱ्या मुलींचे टेम्पो दिसायचे; त्यात गेल्या वर्षीची एखादी विद्यार्थिनी हात हलवायची आणि वर्षा टेम्पो दिसेनासा होईपर्यंत मागे वळून बघत राहायची.

वडिलांचं ते वाक्य मात्र तिला कधी सोडून गेलं नाही. भांडी घासताना, जीपमध्ये, देवापुढे वाती वळताना ते परत परत यायचं. आपण बाबांचं बोललो असतो तर? त्यांच्या रात्रपाळ्या, आईचा दमा, मुलगी दूर गेली तर आजारपणात घरात कोण, ही भीती आपल्याच तोंडाने मांडली असती, तर ते नक्की विरघळले असते. देवीवर जशी तिची श्रद्धा, तशीच या एका गोष्टीवर. पुढे जे झालं ते तिच्या या श्रद्धेपोटीच झालं.

२०१६ सालच्या दिवाळीनंतर दहावीच्या वर्गावर तिने निबंध घ्यायला सुरुवात केली. मुलं गाइडमधलं पाठ करून येत. 'मोबाईल : शाप की वरदान' या विषयावर सगळ्या वर्गाने एकच निबंध लिहिला होता, काना-मात्रेच्या चुकांसकट.

वर्षाने वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "यातला कोण मला मोबाईलबद्दल काही पटवून देऊ शकला? कुणीच नाही. कारण तुम्हाला स्वतःलाच काही पटवायचं नव्हतं. आता असं करा. तुमच्या घरात अशी एखादी गोष्ट असेलच, जी तुम्हाला हवी आहे आणि घरच्यांना नको आहे. त्यावर लिहा."

वर्गात एकदम खुसखुस झाली.

मग ती दोन-तीन आठवडे एकेक पायरी शिकवत गेली. पहिल्याच वाक्यात सांगून टाका तुम्हाला काय हवंय. वाचणाऱ्याला दुसऱ्या पानापर्यंत शोधत बसवू नका. मग कारणं द्या, पण पोतं ओतल्यासारखी नाही. दोन-तीनच, आणि त्यातलं सगळ्यात वजनदार शेवटाला ठेवा. प्रत्येक कारणाला दाखला हवा. "थोर पुरुषांनी म्हटले आहे" हा दाखला नव्हे; तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. 'अत्यंत', 'खरोखरच', उद्गारचिन्हं, सगळं काढा. ओरडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. रडणाऱ्याचं ऐकतात, पण घटकाभरच.

"आणि आता सगळ्यात महत्त्वाचं," ती फळ्याकडे वळून म्हणाली. फळ्यावर लिहिलं : समोरच्याचं म्हणणं. "तुमच्याशी जो सहमत नाही, त्याची बाजू तुम्ही लिहायची. थट्टा करायची नाही, अर्धवट लिहायची नाही. त्याने वाचली तर त्याची मान हलली पाहिजे की हो, हेच माझ्या मनात आहे. त्याच्यानंतर त्या बाजूला उत्तर द्यायचं. आणि शेवटी, त्याने नेमकं काय करावं ते मागायचं."

दीपेश नावाचा एक वात्रट मुलगा मागच्या बाकावरून उठला. "मॅडम, मी लिवलंय. वाचू?"

"वाच."

"मला बापाची बाईक चालवायला द्यावी. कारण मला येते. दाखला : मी गुपचूप चालवली हाय. समोरच्याचं म्हणणं : तू पडशील. उत्तर : मागच्या जत्रेत तुम्हीपण पडले होते."

वर्गात हशा फुटला. वर्षालाही हसू आवरेना. "उत्तर चांगलं आहे रे, पण वडिलांची मान हलेल का?"

"मान नाय हलणार मॅडम, हात हलेल."

त्या हशात एकच मुलगी हसली नव्हती. खिडकीशी बसणारी हिरू. पाड्यावरून चालत येणारी, केस तेल लावून घट्ट बांधलेले, विचारल्याशिवाय न बोलणारी. तिच्या निबंधाचं पहिलं वाक्य होतं : मला अकरावीसाठी डहाणूच्या वसतिगृहात पाठवावे.

पहिला खर्डा नुसता विनवण्यांचा होता. वर्षाने त्या काढायला लावल्या. दुसऱ्या खर्ड्यात कारणं आली आणि ती खरोखर चांगली होती. हिरूला दवाखान्यातली नर्स व्हायचं होतं. दाखला होता तिच्या आईचा, नवशीचा. नवशीच्या डोळ्यांची नस सुकत चालली होती; डहाणूच्या दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, लवकर आला असता तर थांबवता आलं असतं, आता जे गेलं ते परत येणार नाही. हिरूने लिहिलं होतं, 'आमच्या पाड्यावर लवकर म्हणजे केव्हा हे सांगणारे कोणीच नव्हते. मला ते सांगणारी व्हायचे आहे.'

वर्षाने ते वाक्य स्टाफरूममध्ये पुन्हा पुन्हा वाचलं. पण मधला भाग नव्हता.

"हिरू, बाबांचं म्हणणं कुठाय?"

हिरू वहीचा कोपरा दुमडत राहिली.

"ते पाठवायला तयार नाहीत ना? मग का नाहीत, ते लिही."

"ते माझ्या तोंडून नको मॅडम."

"अगं, तोंडून कुठे, कागदावर."

"आमच्याकडं दुसऱ्याचं बोललं की पाणी पितात."

वर्षाला काही कळलं नाही. तिला वाटलं, पोर वडिलांना भिते, काहीतरी सबब सांगते आहे. ती हसून म्हणाली, "मग पी की पाणी! बाटली आहे ना दप्तरात? पाणी पी आणि लिही. त्याच्याशिवाय निबंध पुरा होत नाही, बाळा. मी माझ्या अनुभवाने सांगते."

हिरूने मान खाली घातली. दोन दिवसांनी लिहून आणलं.

'माझ्या बाबांना वाटते की हिरू गेली तर आईला धरणारे कोणी राहणार नाही. ते असे बोलत नाहीत. ते सकाळी आईच्या हातात काठी देतात आणि माझ्याकडे बघतात. आईला चुलीचा जाळ दिसतो पण तवा दिसत नाही. ती भाकरी हाताने चाचपून उलटते. भाजले तरी सांगत नाही, कारण सांगितले तर मी शाळेत जाणार नाही. विहिरीची वाट उताराची आहे. धाकली अजून लहान आहे. बाबा खाणीवर कामाला गेले की त्यांचे लक्ष घरीच असते, म्हणून ते मुकादमाचे बोलणे खातात. शिकून हिरू दुसऱ्यांच्या आयांना बरे करील, पण तोपर्यंत आमच्या आईला कोण धरील, असे त्यांना वाटते. हे त्यांचे वाटणे खोटे नाही.'

आणि पुढच्या पानावर उत्तर होतं. छोटं, नीट. हिरूने स्वतः जाऊन मावशीला विचारलं होतं. मावशी एकटी, तिच्या पाड्यावर तिचं मागे-पुढे कुणी नाही. ती नवशीजवळ येऊन राहायला तयार होती. पाणी धाकली आणील. हिरू दर शनिवारी घरी येईल.

तो कागद वर्षाने घरी नेला आणि देवघरात देवीच्या तसबिरीपुढे ठेवला. महालक्ष्मीची ओटी बोलली. आपल्या अंगणात त्या रविवारी जे बोलायला हवं होतं, ते या मुलीने लिहिलं आहे, असं तिला वाटलं. हे ऐकून कोणता बाप नाही म्हणेल?

हिरूच्या पाड्यावर घरातली मोठी गोष्ट चारचौघांत बसूनच ठरत असे. संक्रांतीच्या सुमारास सुक्याच्या, म्हणजे हिरूच्या वडिलांच्या, अंगणात बैठक ठरली. वर्षाने मुख्याध्यापकांना न विचारता, सासूबाईंना "शाळेचं काम आहे" एवढंच सांगून रविवारी जीप पकडली. जन्मात पहिल्यांदा ती कुणाच्या तरी बाजूने उभी राहायला चालली होती.

अंगण सारवलेलं होतं. बाईंसाठी खाट टाकली, बिनदुधाचा चहा आला. सुक्या हडकुळा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. तो बाईंसमोर बसेचना, कुडाला टेकून उभाच. नवशी दाराशी, चेहरा आवाजाच्या दिशेला वळवून. सुक्याचा भाऊ काकड्या आणि आणखी काही माणसं. मधोमध बुधीबाई, सुक्याची आई, पाड्यावरची सगळ्यांत वयस्क बाई. तिच्याजवळ वाळलेल्या दुध्याच्या पोकळ भोपळ्यात पाणी भरून ठेवलेलं होतं. वर्षाला वाटलं, पिण्याचं असेल.

"बाई, आमची पोर फार बोलते का शाळेत?" काकड्याने विचारलं. "घरात तर मुकी."

"लिहून बोलते," वर्षा म्हणाली.

"मग बरं. कागदाला कान नसतात."

सगळे हसले. बुधीबाईने काठी आपटली. "गप रे. पोरीला बोलू द्या."

हिरू उभी राहिली. पहिलं वाक्य वाचताना आवाज फुटेना, मग लागला. आईच्या डोळ्यांचा दाखला आला तेव्हा नवशीने पदर तोंडाला लावला. 'मला ते सांगणारी व्हायचे आहे' या वाक्याला काकड्या हळूच "खरं हाय" म्हणाला. वर्षाने खाटेची दोरी घट्ट धरली. होतंय, होतंय, असं तिचं मन म्हणत होतं.

मग हिरूने वर बघितलं. थेट वर्षाकडे. वर्षाने मान हलवली, वाच.

'माझ्या बाबांना वाटते…'

काकड्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सुक्या कुडापासून सरळ झाला. हिरू वाचत गेली, काठी, तवा, भाजलेला हात, विहिरीची वाट, मुकादम. 'हे त्यांचे वाटणे खोटे नाही' इथे पान संपलं आणि ती पान उलटायला थांबली.

तेवढ्यात बुधीबाई उठली. भोपळा घेऊन हिरूसमोर आली आणि म्हणाली, "ओंजळ कर."

हिरूने परत वर्षाकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते वर्षाला नंतर कैक दिवस दिसत राहिलं. त्या क्षणी मात्र तिला इतकंच वाटलं की वाचून वाचून पोरीच्या घशाला कोरड पडली, म्हातारी मायेने पाणी देते आहे. ती हसून म्हणाली, "पी, पी."

हिरूने कागद काखेत धरला, ओंजळ केली आणि पाणी प्यायली.

"झालं," बुधीबाई म्हणाली. "पोर शहाणी निघाली."

माणसं उठायला लागली. कुणी सुक्याच्या पाठीवर हात ठेवला, कुणी धोतर झटकलं. वर्षा भांबावून उभी राहिली.

"अहो थांबा! अजून आहे. उत्तर राहिलंय. हिरू, पुढचं पान वाच."

हिरू हलली नाही.

"बाई," बुधीबाई समजावणीच्या सुरात म्हणाली, जशी लहान मुलाची समजूत काढतात. "तिनं बापाचं बोललं. आपलं तोंड दुसऱ्याला दिलं. तोंड दिलं की ते सुकतं, म्हणून आम्ही पाणी देतो. पाणी प्यालं, बोलणं मिटलं. आता परत आपलं बोलायचं म्हणजे दिलेलं तोंड हिसकावून घ्यायचं. तसं कोण करतं?"

"पण ते मान्य केलं नाही तिने, फक्त सांगितलं! सांगणं वेगळं आणि मानणं वेगळं."

"वेगळं कसं?" बुधीबाईने खरंच न कळून विचारलं. "खोटं सांगितलं का तिनं?"

"हिची मावशी येऊन राहायला तयार आहे," वर्षा कशीबशी म्हणाली. "पुढच्या पानावर आहे ते. मी वाचते."

"ते आधी बोलायला पायजे होतं," काकड्या म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थोडं वाईटच वाटत होतं त्याला. "आता पाणी झालं, बाई."

आणि सुक्या पुढे आला. त्याचे डोळे भरले होते. त्याने वाकून वर्षाच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला, ती मागे सरली.

"बाई, तुमचे उपकार हायेत. खाणीवर नाय, बाजारात नाय, कचेरीत नाय, आमच्या बाजूचं आजवर कोण बोललं नव्हतं. मलाच बोलता आलं नव्हतं. माझ्या पोरीनं बोललं. असं तुम्ही शिकवलं तिला."

वर्षाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. तिने वर्गात शिकवलं होतं की समोरच्याने मान हलवली पाहिजे. सगळ्या अंगणाने मान हलवली होती.

जीपच्या वाटेपर्यंत हिरू तिला सोडायला आली. शेवग्याच्या शेंगांची जुडी बुधीबाईने दिली होती, ती हिरूच्या हातात.

"तुला माहीत होतं पाण्याचं," वर्षा म्हणाली.

"हो."

"मग वाचलंस कशाला?"

"मला वाटलं, कागदावरचं चालत असेल. वाचलं म्हणजे बोललं असं नसेल. आमच्यात कोणी कागदावरून बोललं नव्हतं अजून." ती थोडं चालली. "आणि तुम्ही पी म्हणालात."

वर्षाने नंतर जे करता येईल ते केलं. मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, त्यांच्या पाड्याचा मामला. तुम्ही तिथे गेलात हेच मला आत्ता कळतंय." तिने मावशीकडे निरोप पाठवून बघितला. मावशीकडून उत्तर आलं की हिरूने स्वतःच सोडलं, मग मी येऊन काय करू. ती हिरूला वर्गाबाहेर थांबवून म्हणाली, "आपण परत बोलूया ना घरी." हिरू म्हणाली, "मॅडम, आज्जीचं पाणी आहे ते." इतकं सरळ म्हणाली, की ते ढकलायचं कसं, वर्षाला कळेना. ज्या मुलीने बापाची बाजू एवढ्या खरेपणाने लिहिली, तीच मुलगी दिलेला शब्द मोडेल तर ती हिरू कसली?

घरी नविनला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, पण आईला बघणारं कुणी हवंच ना? बाप चुकीचं काय म्हणतो?" वर्षा शेंगा सोलायला बसली.

चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला ती बोललेली ओटी घेऊन गेली. काम झालं नव्हतं, पण देवीला दिलेला शब्द पाळायचा नाही असं कसं होईल? रांगेत उन्हात पाय पोळले. गाभाऱ्यासमोर आली, हात जोडले, आणि मागणंच सुचेना. हिरूला पाठव म्हणायला जावं तर डोळ्यासमोर तवा चाचपणारी नवशी येई. नवशीला सांभाळ म्हणावं तर खिडकीशी बसलेली हिरू. मागून कुणीतरी "चला बाई, पुढे चला" म्हणालं. ती खण-नारळ ठेवून तशीच पुढे गेली. देवीपुढेसुद्धा तिला एक बाजू धरता आली नाही.

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. हिरू शाळेत दुसरी आली, मराठीत पहिली. पेढे द्यायला सुक्या स्वतः आला होता.

त्यानंतर वर्षाला ती एकदाच नीट भेटली, पुढच्या वर्षी, तलासरीच्या आठवडे बाजारात. नवशीचा हात धरून हिरू वाळलेल्या मासळीच्या दुकानांसमोरून चालत होती. नवशी आता पूर्णच दिसेनाशी झाली होती. "कोण गं?" म्हणाली. "मॅडम आहेत," हिरू म्हणाली, आणि नवशीने हवेत हात पुढे केला, तो वर्षाने धरला. तळहातावर भाजल्याचे डाग नव्हते. नवे तरी नव्हते.

"कशी आहेस गं हिरू?"

"बरी आहे. भात लावला यंदा, नागलीपण."

वर्षाला दुसरं काही बोलायचं होतं, पण तोंडून निघालं ते भलतंच. "तो तुझा निबंध. शेवटचं पान. वाचलंच नाहीस कुणाला. कधी मला तरी वाचून दाखव."

हिरूने आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. "त्याच्यात काय होतं ते आठवत नाय मॅडम. मधलं सगळं पाठ आहे." मग आईच्या पायाखालचा दगड तिने पायाने बाजूला केला. "आमची धाकली आता दहावीला आली. तिला शिकवाल ना निबंध?"

"शिकवीन."

"सगळा शिकवा," हिरू म्हणाली. "ती माझ्यासारखी गप नाय, वाद घालते."

त्या हिवाळ्यात आणि नंतर भूकंपाचे धक्के बसत राहिले, म्हणून वर्ग आंब्याखाली भरत. फळा खोडाला टेकवलेला. २०१९चा जानेवारी असेल, वर्षाने फळ्यावर लिहिलं : समोरच्याचं म्हणणं. लिहिताना तिचा हात थोडा थांबला. न शिकवावं तर परीक्षेत मुलांचे गुण जातील. शिकवावं तर… तिने शिकवलं. तोच आवाज, तीच वाक्यं. मग म्हणाली, "हे परीक्षेत लिहायचंच आहे. घरी वाचून दाखवायच्या आधी मात्र घरच्या मोठ्यांना विचारा, तुमच्याकडे चालतं का." मुलं एकमेकांकडे बघून हसली. मॅडमचं हल्ली असं काहीतरी असतं.

धाकली हिरूसारखीच तेल लावून केस बांधलेली, पण पुढच्या बाकावर, नजरेला नजर देणारी. तिच्या निबंधाचं पहिलं वाक्य होतं : माझ्या ताईला आता पुढे शिकायला पाठवावे, आईजवळ मी राहते.

कारणं जोरदार होती. दाखले डोळ्यांनी पाहिलेले. शेवटची मागणी स्पष्ट. मध्ये मात्र काही ओळी कोऱ्या सोडल्या होत्या, आणि त्यांच्यावर शीर्षक तेवढं घातलं होतं, वर्षाच्या फळ्यावर होतं तसंच.

वर्षाने तिला जवळ बोलावलं. "इथलं कुठाय?"

"ते ताईनं बोलून टाकलंय मॅडम," धाकली म्हणाली. "आता आमच्या घरात ते परत कोणी बोलू शकत नाय."

"आणि हे तू घरी वाचणार आहेस?"

"वाचून काय होणार? ताईचं पाणी झालंय." तिने खांदे उडवले. "परीक्षेसाठीच हाय."

आंब्याखालची जमीन पुन्हा किंचित हलली. फळा खोडावरून घसरला, मुलं सवयीने उठून मोकळ्या जागेत गेली. धाकलीही गेली. वर्षा वही धरून तिथेच बसून राहिली, लाल पेन उघडं. कोऱ्या ओळींपुढे शून्य घालायला हात होईना, आणि घातलं नाही तर ते खोटं होणार होतं.

"मॅडम, लांब या ना, फांदी पडेल!" धाकलीने मैदानातून हाक मारली.

वर्षाने पेनाचं टोपण लावलं, वही पोटाशी धरली आणि उठली.